दोनशे रुपयांच्या आत गच्चीवर अंबाडी: सोलापुरात पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

घरी काहीतरी लावायचंय, पैसे फार घालायचे नाहीत, सुरुवात कशानं करू, असं कुणी विचारलं की मी अंबाडी सांगते. लोकांच्या मनात टोमॅटो-मिरची असते. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, मिरचीला चुरडा-मुरडा येतो, आणि नवखा माणूस आपल्या हातालाच गुण नाही म्हणत कुंड्या उलट्या घालून ठेवतो. अंबाडीचं पान खायचं असतं. फूल लागलं नाही, फळ धरलं नाही, याची काळजीच नाही. बी पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत पहिली भाजी ताटात येते.

शिवाय ही भाजी सोलापूरची आहे. मराठी घरात ती अंबाडी, तेलुगू घरात गोंगुरा, कन्नड घरात पुंडी. आमच्या शेजारच्या अक्का तिची पचडी, म्हणजे चटणी, करतात, वरच्या मजल्यावर पुंडीपल्या होतो, आमच्याकडे ज्वारीच्या कण्या घालून भाजी. एका कॅरेटमधली पानं तिन्ही घरांत जातात. मंडईत जुडी मिळते, नाही असं नाही. पण अंबाडी खुडल्यावर तासाभरात मान टाकते. सकाळी खुडून लगेच चुलीवर गेलेल्या पानाची चव जुडीला येत नाही.

आधी पानाचं बोलू

गच्चीवर रोपं गुडघ्याएवढी झाली की कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, "हे ते गांजाचं तर नाही ना?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच ते साम्य आहे: हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडासारखी दिसणारी जास्वंदाच्या कुळातली वनस्पती. दोन्ही झाडं उंच, सरळ वाढतात, दोन्हींच्या सालीचा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, निघतो, दोन्हींचं पान हाताच्या बोटांसारखं फाकलेलं असतं.

फरक जवळून बघितला की कळतो. अंबाडीचं पान एकच असतं, फक्त खोल कातरलेलं; बोटं तळाशी एकमेकांना जोडलेली असतात. गांजाच्या पानात प्रत्येक बोट म्हणजे वेगळी पर्णिका असते आणि सगळ्या पर्णिका देठाच्या एका टोकाला येऊन मिळतात. अंबाडीच्या खोडावरून बोट फिरवलं तर बारीक काटे लागतात. पान चावलं तर दात आंबतात. आणि फूल आलं की शंकाच उरत नाही: तळहाताएवढं फिक्कट पिवळं, मध्यभागी गडद तांबडा डाग, अगदी जास्वंदीच्या घडणीचं. गांजाला असं फूल येतच नाही, त्याची फुलं बारीक हिरवी असतात.

हे सविस्तर सांगते, कारण इंटरनेटवर घरगुती लागवडीचे व्हिडिओ बघून "कुंडीत एखादं रोप लावलं तर काय होतंय" असं विचारणारी तरुण मुलं मला भेटली आहेत. परदेशात काही ठिकाणी ते चालत असेल. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू आहे. परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हाच त्यात गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एकच रोप होतं, स्वतःसाठी होतं, असं म्हणून गुन्हा पुसला जात नाही. कुंडी, माती, पाणी, मेहनत तीच लागणार आहे. ती अंबाडीला द्या.

कधी पेरायचं

सगळ्या कामात हेच सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि मी इथेच चुकले होते.

पहिल्या वर्षी मी गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, म्हणजे जानेवारीच्या शेवटी बी टाकलं. हवा छान होती, ऊन सौम्य होतं, उगवण झाली. रोपं वीतभर झाली आणि त्यांना चक्क कळ्या आल्या. पानं चार, कळ्या सहा. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, काही उपयोग झाला नाही. भाजी एकदाही झाली नाही.

दोष खताचा नव्हताच. अंबाडी दिवसाची लांबी बघून चालते. दिवस साधारण साडेबारा तासांपेक्षा लहान झाला की ती पानं वाढवणं सोडते आणि फुलायच्या मागे लागते. सोलापुरात जानेवारीत दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. जूनमध्ये तो तेरा तासांवर जातो आणि ऑगस्ट सरेपर्यंत साडेबाराच्या खाली उतरत नाही. म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी मृग बरसला की ज्वारी-तुरीच्या कडेनं अंबाडीची ओळ धरायची ही रीत पाडली, ती घड्याळ न बघता अगदी बरोबर होती. बांधावरच्या त्या ओळीतून घरची भाजी निघायची आणि उरलेल्या काड्या पाण्यात कुजवून वाख काढला की कासरे, दोरखंड वळता यायचे.

तेव्हा नवख्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पेरावं. आषाढीला पंढरपूरची वाट माणसांनी भरलेली असते, तेव्हा तुमच्या कॅरेटमध्ये रोपं दिसली पाहिजेत. अनुभव आला की मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातही पेरता येतं, तेव्हा दिवस वाढत असतो. पण मग अख्खा उन्हाळा पाण्यानं सांभाळावा लागतो. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

कशात लावायचं

नवीन कुंड्या घेऊ नका. फळवाल्यांकडे द्राक्ष-डाळिंबाची जुनी, कडेला चिरलेली प्लॅस्टिकची कॅरेट असतात; ओळखीचा असेल तर वीस-तीस रुपयांत देतो, कधी फुकटही देतो. वीस किलोवालं कॅरेट पुरतं. माती नऊ-दहा इंच बसली की झालं. कॅरेटला जाळी असते, त्यातून माती सांडते, म्हणून आत अस्तर लागतं. मी जुनी, विरलेली सोलापुरी चादर दुमडून घालते. जाड विणीतून पाणी झिरपतं आणि माती अडते. एका हंगामात ती खालून कुजायला लागते, पण तोवर तिचं काम झालेलं असतं. चादर टाकवत नसेल तर तांदळाचं विणलेलं पोतं चालतं. सिमेंटचं रिकामं पोतं किंवा पंधरा लिटरचा तेलाचा डबाही चालतो, मात्र दोन्ही आधी धुऊन घ्या आणि तळाला बोट जाईल एवढी सहा-सात भोकं पाडा. डब्याला एकच भोक पाडून भागवू नका. अंबाडी उन्हाला दाद देत नाही, पण कोवळेपणी मुळांत पाणी साचलं की दोन दिवसांत पिवळी पडते.

एक गोष्ट गच्चीची. भिजलेलं कॅरेट चाळीस-पन्नास किलोपर्यंत भरतं. दोन-तीन कॅरेट असतील तर भिंतीच्या कडेला ठेवा, खाली चार विटा द्या म्हणजे पाणी निघून जाईल आणि स्लॅब ओला राहणार नाही. पत्र्याच्या छतावर ठेवू नका. वजनाचा प्रश्न आहेच, शिवाय पत्रा तापला की मुळं भाजतात. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. पाच-सहा तास ऊन येणारी गॅलरी असली तरी पुरे.

माती

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं आहे, कॅरेटमध्ये मात्र अवघड. भिजली की चिखल, वाळली की भेगा, आणि त्या भेगांत मुळं तुटतात. नुसती वापरू नका. दोन पाट्या माती, एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक पाटी शेंगांची टरफलं चुरून घ्या. शेंगदाण्याच्या चटणीचं हे गाव, टरफलांना तोटा नाही. शेंगा फोडणाऱ्यांकडे किंवा तेलघाण्यावर पोतं भरून मिळतात. टरफलांनी माती मोकळी राहते आणि वजनही कमी होतं. कोकोपीटही चालतं, पण त्याला पैसे पडतात. ओंजळभर निंबोळी पेंड मिसळली तर मातीतल्या किडींचा त्रास कमी होतो.

शेणखत ओळखायला शिका, कारण कच्चं शेणखत रोपं मारतं. मूठभर हातात घेऊन दाबा. काळसर, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या मातीसारखा वास असेल तर घ्या. हाताला कोमट लागलं, नाकात झोंबलं किंवा गवताच्या काड्या तशाच दिसल्या तर ते अजून तयार नाही. पांढरी, जाड, सी आकारात वळलेली अळी दिसली तर ती हुमणी. खत उन्हात पसरा आणि अळ्या वेचून काढा.

माती भरली की कॅरेट भिजवून चार-पाच दिवस तसंच ठेवा. माती दोन बोटं खाली बसते. मग वरून भर घाला.

पेरणी आणि पहिले पंधरा दिवस

बी बियाण्याच्या दुकानात सुटं मिळतं. वीस-तीस रुपयांत एवढं येतं की दोन वर्षं पुरेल. हिरव्या देठाची आणि तांबड्या देठाची असे दोन प्रकार दिसतील. तांबडी जास्त आंबट, पचडीला तीच आवडीची. तेलुगूत तिला एर्रा गोंगुरा म्हणतात. भाजीसाठी मला हिरवी बरी वाटते. पहिल्या वेळी अर्धं-अर्धं पेरा आणि तुमच्या घराला काय रुचतं ते ठरवा.

बी रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी तरंगणारं काढून टाका. बोटानं अर्धा पेर खोल खड्डा करून प्रत्येक खड्ड्यात दोन बिया, चार-चार बोटं अंतर. वरून माती सारखी करा आणि हातानं हलकं पाणी शिंपडा. तांब्यानं धार धरली तर बी वर येतं. चौथ्या ते सहाव्या दिवशी कोंब दिसतात. या दिवसांत पारवे आणि चिमण्या कोवळे कोंब खुडतात, म्हणून जुनी मच्छरदाणी कॅरेटवर ताणून बांधा. मुंग्या बी ओढून नेताना दिसल्या तर कडेनं हळद टाका.

आता एक असं, जे कुणी सांगत नाही आणि नवखी माणसं हमखास घाबरतात. अंबाडीची सुरुवातीची पानं कातरलेली नसतात. ती चक्क बदामाच्या आकाराची, साधी, गोलसर येतात. "बी खोटं निघालं" म्हणून माझ्या एका मैत्रिणीनं सगळं कॅरेट उपटलं होतं. थांबा. रोप वाढत जाईल तशी वरची पानं आधी तीन बोटांची, मग पाच बोटांची होतात. एकाच झाडावर खाली बदाम आणि वर पंजा, हे तिचं रूपच आहे.

रोपं चार-पाच इंच झाली की विरळणी करा. एका कॅरेटमध्ये दहा-बारा रोपं ठेवा, बाकी उपटून आमटीत टाका. उपटवत नाही हे मला माहीत आहे, पण गर्दी ठेवली तर सगळीच काडीसारखी बारीक होतात. विरळणी झाल्यावर मातीवर टरफलांचा दोन बोटं थर द्या. ओल टिकते आणि पावसाच्या माऱ्यानं पानांवर चिखल उडत नाही.

पाणी

सोलापुरात बाग करायची म्हणजे नळाचा दिवस बघून करायची. काही दिवसांआड येणारं पाणी आधी माणसांचं, मग झाडांचं, हे मान्यच आहे. म्हणून डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा. तीन कॅरेटना तेवढं बहुतेक दिवस पुरतं. ते त्याच दिवशी घाला, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. आरओ मशिनमधून बाहेर पडणारं पाणीही रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. बोअरचं पाणी घालत असाल तर मातीवर पांढरी पापडी धरते. ती दिसली की वरची बोटभर माती खरवडून काढा आणि नवीन खत घाला. पावसाचं पाणी धरायला एक टिप, म्हणजे मोठं पिंप, मांडून ठेवलात तर त्याहून चांगलं काही नाही.

किती घालायचं? टरफलं बाजूला सारून बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज नको. कोरडं लागलं तर सकाळी घाला, खालून निथळेपर्यंत. पावसाची उघडीप पडली आणि वारा सुटला की माती बघता बघता सुकते, तेव्हा रोज बोट घालून बघा. दुपारी पानं थोडी लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नका; संध्याकाळी ती आपोआप सावरतात. संध्याकाळीही लोंबलेलीच असतील तर पाणी हवं आहे.

खुडणं

रोप वीतभराहून थोडं उंच झालं, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी, शेंडा खुडा. जीव घट्ट करा. शेंडा राहिला तर अंबाडी पुरुषभर उंच जाते, खोड लाकडासारखं होतं आणि पानं जून व चिवट होतात. खाली चार-पाच पानं राखून, पानाच्या बगलेच्या किंचित वर नखानं मोडा. कट् असा आवाज आला तर देठ कोवळा आहे, भाजीत घ्या. नुसता वाकला आणि साल ओढली गेली तर तो वाखावर गेला. फक्त पानं घ्या. आठवड्यात प्रत्येक बगलेतून फुटवे येतात. पुढचा खुडा बारा-पंधरा दिवसांनी. गणपतीपर्यंत तीन-चार खुडे आरामात होतात, आणि दर खुड्याला एका कॅरेटमधून चौघांच्या भाजीपुरती पानं निघतात.

प्रत्येक खुड्यानंतर दोन मुठी गांडूळखत किंवा शेणखत मुळाशी घालून माती हलवा. युरिया टाकू नका. पानं हिरवीगार दिसतील, पण लुसलुशीत होऊन मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, धरतील.

मावा आणि पिठ्या ढेकूण हे दोनच मला त्रास देतात. मावा पानामागे असतो. पानं उलटी करून पाण्याची धार मारली की निम्मा जातो. पिठ्या ढेकूण म्हणजे बगलेत कापसासारखा पांढरा पुंजका; दिसला त्या दिवशी जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढा, आठवडाभर थांबलात तर झाड हातचं जातं. फार झालं तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबण ढवळून संध्याकाळी फवारा, आणि चार दिवस खुडू नका. दुकानातलं रासायनिक कीटकनाशक पालेभाजीवर अजिबात नको, मुलांच्या ताटात जाणारं पान आहे. भेंडीची कुंडी शेजारी ठेवू नका. दोघी एकाच कुळातल्या, एकीची कीड दुसरीवर जाते. त्याच कारणानं पुढच्या वर्षी त्या मातीत भेंडी न लावता मेथी किंवा झेंडू लावा.

भाजीचं थोडक्यात सांगते, कारण पहिल्यांदा करणारे पानं नुसती परततात आणि आंबट म्हणून टाकून देतात. पानं धुऊन उकडा, जास्तीचं आंबट पाणी पिळून काढा, शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या आणि तुरीच्या डाळीबरोबर घोटा. शेंगदाण्याचं कूट, मीठ, चवीपुरता गूळ. वर लसूण आणि सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी, लसूण तांबूस होईपर्यंत. स्टीलचं पातेलं घ्या. अॅल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ या आंबटपणाला चालत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावी, पानात ऑक्झॅलिक आम्ल असतं.

माझा मागच्या हंगामाचा हिशेब: दोन कॅरेट पन्नास, बी तीस, शेणखताचं पोतं साठ, निंबोळी पेंड तीस. एकशे सत्तर रुपये. चादर घरची, टरफलं फुकट.

बी धरायचं

सप्टेंबर सरला की कळ्या येतील. आता ती वेळच आहे, घाबरू नका. दोन सशक्त रोपं न खुडता तशीच ठेवा. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं, म्हणून पाहायचं असेल तर चहाच्या वेळी गच्चीवर जा. बोंडं दिवाळीनंतर वाळून तपकिरी होतात. त्यांच्यावर बारीक कूस असते, ती हाताला टोचून खाज सुटते. फडकं गुंडाळून तोडा. पाटीत उन्हात ठेवून काठीनं झोडपलं की करडं-काळपट, तिकोनी बी सुटतं. ते दोन दिवस सावलीत वाळवा, चमचाभर गोवरीची राख मिसळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर वर्ष लिहा. एका बोंडातून वीसेक बिया निघतात. दोन रोपांच्या बियांत तुमची पुढची पेरणी होऊन शेजारच्या दोन घरांना वाटण्याइतकं उरतं. आमच्या अक्कांना मी दर वर्षी तांबड्या देठाचं बी देते, आणि आषाढात त्यांच्याकडून पचडीची बरणी येते.